भूकवचाच्या सध्याच्या हालचाली: पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची आखणी कशी करावी

भूकवचाच्या सध्याच्या हालचालींवर पीएच.डी.नंतरचे संशोधन करू इच्छिणारे बहुतेक जण आधी रिकामी जागा शोधतात, मग मार्गदर्शक पारखतात आणि रुजू झाल्यावर प्रश्न ठरवतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण या विषयाच्या स्वभावातच आहे. अशी नेमणूक साधारणपणे दोन वर्षांची, फार तर तीन वर्षांची असते. जीएनएसएसचे, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान मोजणाऱ्या प्रणालीचे, नवे स्थानक उभारले, तर ऋतूंबरोबर होणारे चढउतार त्याच्या वेगाच्या अंदाजात मिसळतात. हा दोष आवाक्यात येण्यासाठी किमान अडीच वर्षांची नोंद हवी आणि साडेचार वर्षांनंतरच तो नगण्य होतो, हे ब्लेविट आणि लाव्हाले यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. म्हणजे रुजू झाल्याच्या दिवशी स्थानक उभारले, तरी त्याचा वेग भरवशाचा होण्याआधीच तुमची मुदत संपलेली असते. त्यामुळे या काळात ज्याचे उत्तर मिळू शकेल असा प्रश्न आधी हाती असावा लागतो, आणि तो बहुधा इतरांनी पूर्वी जमवलेल्या नोंदींवरच उभा राहतो.

अशा नोंदींची आज वाण नाही. नेव्हाडा जिओडेटिक लॅबोरेटरी जगभरातील हजारो जीएनएसएस स्थानकांच्या दैनंदिन स्थानांच्या कालश्रेणी खुल्या ठेवते. जपानच्या जिओनेट जाळ्यात सुमारे १,३०० स्थानके आहेत. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहांच्या २०१४ पासूनच्या प्रतिमा कोणालाही विनामूल्य मिळतात. उणीव असते ती या नोंदींना नेमके काय विचारायचे आणि त्या उत्तर देण्यास समर्थ आहेत की नाहीत, याच्या हिशेबाची.

अर्जाआधीचा हिशेब

हा हिशेब एका कागदावर मावतो. आपल्या प्रश्नाची दोन संभाव्य उत्तरे लिहावीत, त्या दोन्ही उत्तरांनुसार मापनात किती फरक पडेल तो काढावा, आणि तो फरक मापनातील प्रामाणिक चुकीच्या किती पट आहे ते पाहावे. फरक चुकीच्या दुपटीहूनही कमी असेल, तर प्रश्न कितीही आकर्षक असला तरी तो या नेमणुकीसाठी घेऊ नये.

उदाहरण म्हणून एक उभा विभंग (खडकातील भेग) घेऊ, ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर पण विरुद्ध दिशांनी सरकत आहेत. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी प्रत्यास्थ प्रतिक्षेपाची जी कल्पना मांडली, तिच्या आजच्या रूपानुसार विभंगाचा वरचा भाग दोन भूकंपांच्या मधल्या काळात जखडलेला असतो, खालचा भाग मात्र सरकत राहतो आणि आजूबाजूचा खडक हळूहळू वाकत जातो. सॅव्हेज आणि बर्फर्ड यांनी १९७३ मध्ये याचे एक सुटसुटीत सूत्र वापरले: विभंगापासूनचे अंतर भागिले जखडणीची खोली या गुणोत्तराचा टॅन इन्व्हर्स घ्यावा, त्याला दीर्घकालीन घसरणवेगाने गुणावे आणि पायने भागावे, म्हणजे त्या ठिकाणचा विभंगाच्या सापेक्ष वेग मिळतो. घसरणवेग वर्षाला २० मि.मी. आणि जखडणीची खोली १५ कि.मी. असेल, तर विभंगापासून १५ कि.मी. अंतरावरील स्थानक वर्षाला फक्त ५ मि.मी. सरकेल. एका बाजूच्या वाट्याला येणाऱ्या १० मि.मी.पैकी ९ मि.मी. दिसण्यासाठी सुमारे ९५ कि.मी. दूर जावे लागेल.

आता प्रश्न असा घेऊ की एखादा मंद विभंग वर्षाला ३ मि.मी. सरकतो की ५ मि.मी. जखडणीची खोली तीच धरली आणि दोन्ही बाजूंना १५ कि.मी. अंतरावर एकेक स्थानक असेल, तर त्यांच्यातील सापेक्ष वेग पहिल्या स्थितीत १.५ मि.मी. आणि दुसऱ्या स्थितीत २.५ मि.मी. येईल; फरक एका मिलिमीटरचा. प्रत्येक स्थानकाच्या वेगात अर्ध्या मिलिमीटरची अनिश्चितता धरली, तर दोघांच्या फरकात ती सुमारे ०.७ मि.मी. होते. एवढ्या जोरावर निर्णय देता येत नाही. स्थानके ९५ कि.मी. दूर असतील तर फरक १.८ मि.मी. होतो आणि निर्णय शक्य वाटू लागतो. पण तेवढ्या पट्ट्यात शेजारचे दुसरे विभंगही आपापली हालचाल मिसळत असतात. शिवाय विभंगालगतच्या स्थानकांना २० मि.मी. वेग व १५ कि.मी. खोली आणि २४ मि.मी. वेग व १८ कि.मी. खोली या दोन जोड्या जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण विभंगाजवळ वेगाचा उतार या दोन राशींच्या गुणोत्तरावर ठरतो. खोली कळण्यासाठी जवळची स्थानके लागतात आणि वेग कळण्यासाठी दूरची. अस्तित्वात असलेल्या जाळ्यात यांपैकी कोणती स्थानके नाहीत, हे नकाशा समोर घेऊन पाहिले की कोणत्या विभंगावर काम करता येईल हे पुष्कळसे तिथेच ठरते.

कालश्रेणीत भूकवचाखेरीज काय काय असते

अँटेनाच्या स्थानात होणारा प्रत्येक बदल भूकवचाच्या हालचालीमुळे होत नाही, आणि या क्षेत्रातील कौशल्याचा मोठा भाग हा बदल कशामुळे झाला हे वेगळे काढण्यात आहे. सर्वांत आधी नॉइजचा स्वभाव समजून घ्यावा. जीएनएसएसच्या कालश्रेणीतील चुका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. आजची चूक कालच्या चुकीशी नाते सांगते. पांढऱ्या, म्हणजे दर दिवशी स्वतंत्र असणाऱ्या, नॉइजबरोबर फ्लिकर, म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा, नॉइजही असतो, आणि सर्व नॉइज पांढराच आहे असे गृहीत धरल्यास वेगाची अनिश्चितता खऱ्यापेक्षा पाच ते अकरा पटींनी कमी दिसते, असा माओ, हॅरिसन आणि डिक्सन यांचा १९९९ मधील निष्कर्ष आहे. दशांश मिलिमीटरची अनिश्चितता छापलेला तक्ता दिसला की ती कोणत्या नॉइज-प्रतिमानातून आली आहे, हे आधी विचारावे. हेक्टरसारखी सॉफ्टवेअर ही प्रतिमाने तपासण्यासाठीच आहेत. वेगाच्या पहिल्या अंदाजासाठी मिडास ही पद्धत सोयीची आहे; ती एक वर्षाच्या अंतराने घेतलेल्या स्थानांच्या जोड्यांतून मध्यक काढते, त्यामुळे ऋतुचक्राचा आणि एखाद्या अचानक उडीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

उड्यांचे मात्र स्वतंत्र परीक्षण करावे लागते. अँटेना बदलली, तिच्यावरचे आवरण बदलले, शेजारचे झाड तोडले गेले, तरी श्रेणीत पायरी दिसू शकते. स्थानकाचे नोंदपत्र उघडून प्रत्येक पायरीला तारीख आणि कारण जोडावे, आणि ज्या पायरीला कारण सापडत नाही तिची यादी शोधनिबंधाच्या परिशिष्टात द्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते दुसऱ्यावर सोपवू नये. ज्याने प्रत्येक स्थानकाची श्रेणी डोळ्यांखालून घातली आहे, त्यालाच पुढे एखादी मंद घसरण (विभंगाची भूकंपाविना हळूहळू होणारी सरक) आणि एखादी खराब केबल यांतला फरक ओळखता येतो.

पाण्याच्या भारामुळेही भूकवच लवचीकपणे खाली दबते आणि भार ओसरला की वर येते. गंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात साठणाऱ्या पाण्यामुळे नेपाळच्या हिमालयातील स्थानके दरवर्षी मागेपुढे आणि खालीवर होतात. २००२ ते २०१७ या काळातील ग्रेस आणि २०१८ पासूनच्या ग्रेस-एफओ या उपग्रहजोड्यांच्या गुरुत्वमापनातून या भाराचा अंदाज घेता येतो, पण त्यांचे विभेदन शेकडो किलोमीटरांचे असल्यामुळे एखाद्या दरीतील स्थानिक भार त्यांना दिसत नाही. हिमयुगातील बर्फ वितळल्यामुळे होणारा उठावही विसरू नये. बॉथनियाच्या आखाताच्या परिसरात तो वर्षाला सुमारे १ सेंमी. आहे आणि तिथे कोणत्याही विभंगाची चर्चा करण्याआधी तो वजा करावा लागतो. मोठ्या भूकंपानंतर तर ‘स्थिर वेग’ ही कल्पनाच काही दशकांपुरती बाजूला ठेवावी लागते. विभंगावरील नंतरची घसरण आणि प्रावरणाचे (कवचाखालच्या थराचे) सावकाश सैल होणे, या दोन्ही प्रक्रिया शेकडो किलोमीटर दूरच्या स्थानकांनाही ओढत राहतात.

आणि हे सगळे वेग कशाच्या सापेक्ष? संदर्भ चौकटीचा हा प्रश्न अनेक जण शेवटी हाती घेतात, तो पहिल्या आठवड्यात घ्यावा. आयटीआरएफ२०२० या जागतिक संदर्भ चौकटीत भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी. वेगाने ईशान्येकडे जाताना दिसतो. त्याचे परिभ्रमण वजा केले की मगच हिमालयात सामावली जाणारी वर्षाला सुमारे २ सेंमी.ची जवळीक समोर येते. दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांतील वेग एकाच नकाशावर मांडण्यापूर्वी त्यांची चौकट एकच आहे याची खात्री करावी. तसे नसेल तर सामाईक स्थानकांच्या आधारे एक संच दुसऱ्याच्या चौकटीत आणावा. सामाईक नॉइज गाळणाऱ्या प्रक्रियेबाबतही सावध राहावे, कारण लहान जाळ्यात ती नॉइजबरोबर खरी मंद घसरणही पुसून टाकू शकते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅस्केडियातील अशी मंद घसरण २००१ मध्ये ओळखली गेली ती अनेक स्थानके एकापाठोपाठ एक, काही मिलिमीटरच, पण नेहमीच्या उलट दिशेने सरकली म्हणून.

रडारला काय दिसते आणि काय दिसत नाही

कॅलिफोर्नियातील १९९२ च्या लँडर्स भूकंपाचा रडार इंटरफेरोग्राम, म्हणजे दोन वेळच्या रडार प्रतिमांच्या तुलनेतून काढलेला हालचालीचा नकाशा, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून भूकवचाची हालचाल ठिपक्यांऐवजी सलग पटासारखी पाहता येऊ लागली. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंमी. असल्याने इंटरफेरोग्राममधील एक पूर्ण रंगपट्टा उपग्रहाच्या दृष्टिरेषेत २.८ सेंमी. हालचाल दाखवतो. दृष्टिरेषा हा शब्द इथे कळीचा आहे. हे उपग्रह जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात आणि बाजूला पाहतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम आणि उभी हालचाल त्यांना चांगली दिसते. उत्तर-दक्षिण हालचालीबाबत मात्र ते जवळपास आंधळे असतात. चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कक्षांतील प्रतिमा घेतल्या तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून मध्य हिमालयासारख्या, मुख्यतः उत्तर-दक्षिण दाबल्या जाणाऱ्या प्रदेशात रडारकडून आडव्या जवळिकीची अपेक्षा न धरता उभ्या उठावाची धरावी, आणि आडवे वेग जीएनएसएसकडून घ्यावेत.

वातावरणातील बाष्पामुळे एकेका इंटरफेरोग्राममध्ये काही सेंटिमीटरची खोटी हालचाल दिसू शकते. डोंगराळ भागात ती उंचीशी इतकी जुळते की पर्वत वाढत असल्याचा भास होतो, आणि ज्या ठिकाणी उठाव शोधायचा असतो नेमक्या त्याच ठिकाणी ही फसगत होते. ईआरए५ सारख्या हवामान-पुनर्विश्लेषणातून दुरुस्ती करावी, पण दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा निकाल शेजारी शेजारी ठेवून ती खरोखर उपयोगी पडली का ते तपासावे. काही वेळा ती निकाल बिघडवते. दुसरा सूक्ष्म दोष थोड्या दिवसांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांचा आहे. मातीतील ओलावा आणि वाढती झाडी यांमुळे अशा जोड्यांमध्ये एक लहानसा, पण एकाच दिशेचा कल येतो आणि बेरजेत तो वर्षाला काही मिलिमीटर होऊ शकतो. तीन प्रतिमांच्या तीन जोड्यांची फेरी शून्यावर बंद होते का, ही तपासणी म्हणून नेहमी करावी. जिथे झाडी दाट आहे तिथे सुमारे २४ सेंमी. तरंगलांबीचे एल-बँड रडार अधिक टिकाऊ ठरते. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेल्या निसार उपग्रहात एल-बँड आणि एस-बँड अशी दोन्ही रडार आहेत आणि तो १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो, त्यामुळे आज प्रश्न निवडणाऱ्याने त्याच्या प्रतिमांचा विचार अवश्य करावा. मात्र मिलिमीटर-वेगांसाठी त्याची श्रेणी लांब होईपर्यंत थांबावे लागेल, हेही हिशेबात धरावे.

प्रतिमान किती सांगू शकते

मापनातून विभंगावरील घसरण काढताना बहुतेक जण, विभंगावरील घसरणीमुळे भूपृष्ठ किती हलेल हे सांगणाऱ्या, ओकाडा यांच्या १९८५ च्या सूत्रांपासून सुरुवात करतात. संगणक या सूत्रांनी काही क्षणांत घसरणीचा रंगीत नकाशा देतो, आणि धोका तिथेच आहे, कारण मोजणी जिथे पोहोचतच नाही तिथेही नकाशा रंगवलेला असतो. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात जमिनीवरील जीएनएसएस स्थानकाचे सर्वांत मोठे आडवे स्थानांतर सुमारे ५.३ मी. होते, समुद्रतळावर ध्वनिलहरींनी केलेल्या मोजणीत ते सुमारे २४ मी. निघाले. जमिनीवरची दाट स्थानके खंदकाजवळच्या घसरणीबद्दल किती कमी जाणतात, हे यातून दिसते. म्हणून कोणताही निकाल मांडण्यापूर्वी बुद्धिबळाच्या पटासारखी कृत्रिम घसरण घेऊन, तिच्यापासून कृत्रिम मापने तयार करून, ती आपल्या जाळ्याला परत ओळखता येते का ते पाहावे. जो भाग ओळखता येत नाही तो नकाशात राखाडी ठेवावा. जखडणीच्या नकाशांवरून पुढे भूकंपधोक्याचे अंदाज बांधले जातात, त्यामुळे या राखाडी रंगाला माझ्या लेखी फार मोल आहे.

यजमान गट आणि अर्ज

वरचा हिशेब हाती असला की अर्ज लिहिणे सोपे जाते. संभाव्य मार्गदर्शकाला पहिले पत्र एका पानाचे असावे: प्रश्न एका वाक्यात, अपेक्षित संकेत आणि अनिश्चितता आकड्यांत, कोणत्या नोंदी आधीच खुल्या आहेत, आणि त्या गटाकडून नेमके काय हवे आहे. त्या गटाच्या प्रकाशित वेगांतील एखादी विसंगती तुमच्या लक्षात आली असेल, तर ती नम्रपणे पण स्पष्टपणे लिहावी. चांगला मार्गदर्शक अशा पत्राला लवकर उत्तर देतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. स्थानिक सर्वेक्षण संस्थांच्या बंद नोंदी तुम्हाला वापरता येतील का आणि नेमणूक संपल्यावरही येतील का. जीएनएसएस नोंदींवरील प्रक्रिया गॅमिट, जिप्सीएक्स, बर्नीज यांपैकी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि ती करणारी अनुभवी व्यक्ती पुढील दोन वर्षे तिथे असणार आहे का. आणि प्रदेशातील ज्या सहकाऱ्यांनी स्थानके राखली आहेत त्यांना लेखकांमध्ये कसे स्थान दिले जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर मी तरी त्या गटात जाणार नाही.

स्वतंत्र अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करणार असाल तर नियम मुळातून वाचावेत. उदाहरणार्थ, युरोपातील मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी अधिछात्रवृत्तीसाठी अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य वा काम केलेले चालत नाही. ही अट माहीत नसल्याने अनेकांची सहा महिन्यांची तयारी वाया जाते.

पहिले सहा महिने

रुजू झाल्यावर नव्या निकालाची घाई न करता एक प्रकाशित निकाल मूळ नोंदींपासून पुन्हा काढून पाहावा. कॅलिफोर्नियातील जुलै २०१९ चे रिजक्रेस्ट भूकंप यासाठी उत्तम आहेत: ६.४ आणि ७.१ तीव्रतेचे धक्के, कोरडी वाळवंटी जमीन, स्वच्छ इंटरफेरोग्राम आणि सर्व नोंदी खुल्या. तुमचा निकाल जुळला नाही तर चूक चौकटीत, फेज उलगडण्यात (रंगपट्टे मोजून सलग हालचाल काढण्यात) की प्रतिमानात, हे शोधताना जे कळते ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कळत नाही. हे झाले की मुख्य प्रश्नाकडे वळावे, आणि त्याचबरोबर लहान, वर्षभरात संपणारे दुसरे काम हाती ठेवावे. नियतकालिकांच्या परीक्षणात अनेक महिने जातात आणि दोन वर्षांत पहिला शोधनिबंध छापून यावा असे वाटत असेल, तर त्याचा मसुदा पहिल्या वर्षाच्या अखेरीस तयार हवा. प्रत्येक स्क्रिप्ट, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वापरलेल्या कक्षा-फायली पहिल्या दिवसापासून नोंदवाव्यात.

याच काळात कधीतरी पत्रकार किंवा प्रशासक विचारतील की मोठा भूकंप केव्हा होईल. साठलेली घसरण किती, हे अनिश्चिततेसह सांगता येते. तारीख सांगता येत नाही. आणि ‘काळजीचे कारण नाही’ असेही सांगता येत नाही. ६ एप्रिल २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर इटलीत सहा शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये शिक्षा झाली आणि २०१४ मध्ये अपिलात ते निर्दोष ठरले. या प्रकरणात भूकंपापूर्वीची धीर देणारी विधाने हाच वादाचा विषय होता. म्हणून गटाच्या वतीने कोण बोलेल आणि कोणत्या शब्दांत, हे आधीच लिहून ठेवावे.

क्षेत्रकाम आणि मागे ठेवायच्या नोंदी

अडीच वर्षांच्या हिशेबामुळे नवी मोजणी करूच नये असा अर्थ निघत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोहिमेत मोजलेले जुने खुणेचे खिळे शोधून तिथे पुन्हा अँटेना लावली, तर काही दिवसांच्या कामात दशकाचा वेग हाती येतो, पीएच.डी.नंतरच्या संशोधकासाठी याहून फलदायी क्षेत्रकाम मला माहीत नाही. तिथे सर्वांत जपायची गोष्ट अँटेनाची उंची. माझ्या एका मोहिमेत तिरकी मोजलेली उंची उभी म्हणून नोंदली गेली, आणि त्या खुणेचा उभा वेग दोन वर्षे निरर्थक ठरला. छायाचित्रात मोजपट्टी दिसत होती म्हणून शेवटी तो घोळ सोडवता आला. तेव्हापासूनची माझी पद्धत अशी: उंची तीन बाजूंनी, सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा मोजावी, ती तिरकी की उभी आणि अँटेनाच्या कोणत्या कडेपर्यंत हे शब्दांत लिहावे, मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, अँटेना आणि रिसीव्हर यांचे क्रमांक अक्षरशः उतरवावेत, खुणेपर्यंत पोहोचण्याची वाट रेखाटावी. नेमणूक संपण्याच्या तीन महिने आधी या सर्व नोंदी, मूळ रायनेक्स (जीएनएसएस निरीक्षणांच्या) फायली आणि स्क्रिप्टसह, कायमस्वरूपी क्रमांक देणाऱ्या खुल्या संग्रहात जमा कराव्यात आणि त्यांची एक प्रत त्या प्रदेशातील सहकाऱ्यांकडे द्यावी, म्हणजे पुढच्या मोजणीला येणाऱ्याला तुम्हाला शोधावे लागणार नाही.